मोदकनं काय खाल्लं?

पेट शॉपच्या भाषेत कुत्रा आणि मांजर सोडून घरात जे काही पाळलं जातं, ते सगळं ‘एक्झॉटिक’. ससा एक्झॉटिक, गिनीपिग एक्झॉटिक, कॉकाटील एक्झॉटिक आणि शेपटीसकट पाच फुटांचा इग्वानाही एक्झॉटिक. बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूला आमचं वन बीएचके आहे. त्यातला अर्धा हॉल गेली काही वर्षं या मंडळींच्या ताब्यात आहे. लोक गावी जातात, फिरायला जातात, तेव्हा त्यांचे प्राणी माझ्याकडे राहायला येतात. कुत्र्यांना ठेवून घेणारे मुंबईत पुष्कळ आहेत. इग्वाना ठेवून घेणारं सहसा कुणी सापडत नाही, आणि माझं घर त्यावर चालतं.

प्रत्येकाला घेत नाही. स्टार कासव आणि आपला हिरवा पोपट आणला तर दारातूनच परत पाठवते, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पाळणंच गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ करारातल्या परदेशी जातींसाठी २०२२ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ च्या नियमांनी परिवेश पोर्टलवर नोंदणी करायला सांगितली. इग्वाना आणि सुल्काटा कासव त्यात येतात. म्हणून त्यांचा कागद आधी, कासव नंतर. यावर लोक कुरकुरतात, पण कागद आणतात.

कागद, खाणं, पिंजरा, सगळं देऊन झालं की निघताना जवळपास प्रत्येक जण एक वाक्य बोलतो. “ताई, जमलं तर जरा खाली बागेत सोडा हं याला. नैसर्गिक खाईल बिचारा.”

या वाक्यात दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, प्राण्याला काय खायचं ते आपोआप कळतं. दोन, सोसायटीची बाग म्हणजे निसर्ग.

पहिलीपासून सुरुवात करू. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून जाताना मधल्या डिव्हायडरवर तुम्ही कण्हेर पाहिली असेल. हायवेवर ती लावतात कारण तिला पाणी कमी लागतं आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. कण्हेरीच्या प्रत्येक भागात, पानात, फुलात, फांदीत, हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं, आणि पान वाळलं तरी ते विष जात नाही. गावातली शेळी हे पुस्तकात वाचून शिकलेली नसते. ती आईच्या मागे चरत शिकते. आई जिथे तोंड घालत नाही, तिथे पिल्लूही सहसा घालत नाही. माझ्याकडे येणारा ससा मात्र दुकानातल्या पिंजऱ्यात वाढलेला असतो. त्याला आई दाखवते ती पेलेट्सची वाटी. त्यात तो दिवसभर कंटाळलेला. कंटाळलेला ससा भूक नसतानाही कुरतडतो. चार्जरची वायर कुरतडणाऱ्या प्राण्याकडून कण्हेर ओळखण्याची अपेक्षा मी करत नाही.

आता बाग. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, कॉकाटील ऑस्ट्रेलियातला, सुल्काटा सहाराच्या दक्षिण कडेचा. ते परके आहेत हे आपण मान्य करतो. पण त्यांच्याभोवतीची झाडंही तितकीच परकी आहेत. गेटजवळचा गुलमोहर मादागास्करचा. वॉचमनच्या खुर्चीवर सावली धरणारा रेन ट्री अमेरिकेतला. कंपाउंडला टेकलेली पिवळी कण्हेर, जिच्या फळांना आपण बिट्ट्या म्हणतो, तीही अमेरिकेतली. मागच्या भिंतीवरची घाणेरी तिथलीच. गाजर गवत तर १९५० च्या दशकात पुण्यात दिसलं आणि तिथून देशभर पसरलं. लिफ्टच्या बाहेर कुंड्यांत डंब केन, म्हणजे डायफेनबेकिया. तिच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडात रुततात आणि जीभ सुजते. क्लबहाउससमोर सायकस, यकृताचा शत्रू. सी विंगच्या गॅलऱ्यांत पानफुटी, तिच्यात हृदयावर चालणारं विष. घाणेरी खाल्लेल्या गुरांचं यकृत बिघडतं, इतकं की ऊनही त्यांच्या कातडीला सोसत नाही.

म्हणजे जगाच्या चार कोपऱ्यांतले प्राणी आणि चार कोपऱ्यांतली झाडं बोरिवलीच्या एका प्लॉटवर भेटतात. त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायला मध्ये कुणीच नसतं. असलंच तर मी.

हे सगळं मला एका सशानं शिकवलं. त्याचं नाव मोदक.

मोदकच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी पहाटे कुटुंब कोकणात फिरायला जातं. त्या वर्षी काका-काकू आणि त्यांची शाळकरी मुलगी सात वाजता मोदकला घेऊन आले. बरोबर सुकं गवत, पेलेट्स आणि एक पातळ पिशवी. “पूजेतली नाही हं, वर उरलेली पत्री आहे. ताजी आहे. काल संध्याकाळपासून आवडीनं खातोय, आज सकाळीही दिली,” काकू म्हणाल्या. ते गेले. आईनं चहा टाकता टाकता पिशवी उघडली, आणि तिचा चेहरा बदलला.

गणपतीला वाहायच्या एकवीस पत्री तुम्हाला माहीत असतील, निदान त्या एकवीस असतात हे तरी. दूर्वा, आघाडा, तुळस, बेल, शमी, माका, डोरली, बोर, डाळिंब, जाई. आणि याच यादीत धोत्रा, रुई आणि कण्हेरही आहेत. देवाला चालणारं सगळंच सशाला चालत नाही.

आईनं पेपर पसरला आणि पानं वेगळी करायला बसली. माझी कल्पना अशी की एकवीसपैकी काय उरलंय ते मोजलं की काय पोटात गेलं ते कळेल. पण हल्ली जुडीत एकवीस प्रकार क्वचितच असतात. विकणाऱ्याला जे मिळतं ते बांधून देतात. पेपरवर चौदा प्रकार निघाले. त्यातले दोन आईला ओळखता येईनात. एक तर चक्क जास्वंदीचं पान होतं. कण्हेरीची एक डहाळी होती, शेंडा तुटलेली. तो सशानं तोडला की विकणाऱ्याच्या कोयत्यानं, ते सांगायला काही मार्ग नव्हता.

मोदक कोपऱ्यात पाठ फुगवून बसला होता. कान मागे. गवताला तोंड लावत नव्हता.

फोन लावला. गाडी हायवेवर कुठेतरी रेंजबाहेर. वीस मिनिटांनी मुलीनं उचलला आणि म्हणाली, “थांब ताई, मी रील केलंय.” चाळीस सेकंदांचं रील. मोदक पाटासमोर बसून पत्री खातोय, मागे आरतीचं म्युझिक. आम्ही दोघींनी ते थांबवत थांबवत पाहिलं. आधी दूर्वा. मग एक रुंद, कडेला नागमोडी पान, देठाकडून सरसर आत जाणारं, प्रिंटरमध्ये कागद जावा तसं. आई म्हणाली, “धोत्रा.” अरुंद, लांबट पान, म्हणजे कण्हेर, रीलमध्ये कुठेच दिसली नाही. पण रील चाळीस सेकंदांचं होतं, आणि तो संध्याकाळभर खात होता.

मुंबईत जनावरांचा मोठा दवाखाना म्हटलं की अजूनही परळ आठवतं. १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथेच आहे. पण गणपतीच्या दिवसांत बोरिवलीहून परळ म्हणजे दुसरा देश. आम्ही कांदिवलीच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे रिक्षानं गेलो. पिशवीतली पानं बरोबर घेतली.

डॉक्टरांनी पहिलं वाक्य विचारलं ते हे: “किती वाजता, काय आणि कुठला भाग?” मग स्टेथोस्कोप लावून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. ठोके नियमित होते. सशाला उलटी होत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी नाही. त्यामुळे गेलेलं बाहेर काढणं हा मार्ग बंद. पुढच्याच दारानं जे जाईल ते जाईल. त्यांनी सलाइन दिलं, आतड्यांसाठी औषध दिलं, आणि मग धोत्र्याबद्दल सांगितलं.

“काही सशांच्या रक्तात ॲट्रोपिन फोडणारं एन्झाइम असतं. म्हणून ऑपरेशनच्या वेळी सशाला ॲट्रोपिन दिलं तर कधी कधी ते लागूच पडत नाही, दुसरं औषध घ्यावं लागतं. धोत्र्यातलं विष त्याच कुळातलं. असा ससा असेल तर त्याला धोत्रा पचेलही. पण सगळ्या सशांत ते नसतं. तुझा मोदक कुठल्या गटातला, ते काही त्याच्या कपाळावर लिहिलेलं नाही. आणि कण्हेर गेली असेल तर मी आत्ता बोलले ते सगळं विसर.”

पुढचे दोन दिवस मी लेंड्या मोजल्या. हसू नका, सशाच्या घरात हेच ईसीजी असतं. सशाचं आतडं थांबलं की ससा संपतो, आणि धोत्र्याचा गुण आतडं मंदावण्याचाच. दुपारी दोननंतर शून्य. सिरिंजनं पातळ खाणं दर काही तासांनी. रात्री बाहेर ढोल, आत मी आणि आई आळीपाळीनं जाग्या. पहाटे एकच्या सुमारास सात लेंड्या, बारीक आणि कोरड्या. मी आईला उठवून दाखवल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून गवत ओढलं.

तो वाचला. कशामुळे, ते सांगता येत नाही. एन्झाइम होतं म्हणून, की पान थोडंच होतं म्हणून, की कण्हेरीचा शेंडा खरंच कोयत्यानं तुटला होता म्हणून. काका न्यायला आले तेव्हा दारात नुसते उभे राहिले, काही बोलले नाहीत. मुलीनं मात्र पेपरवरच्या पानांचे फोटो काढले आणि प्रत्येकाचं नाव विचारून लिहून घेतलं.

डॉक्टरांचं ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. तोपर्यंत ‘विषारी झाड’ हा शब्द मी एखाद्या झाडाच्या रंगासारखा वापरत होते. कण्हेर गुलाबी आणि विषारी. पण विष झाडात एकट्यात नसतं. ते झाड आणि खाणारा यांच्यामध्ये असतं. ज्या धोत्र्यानं लहान मूल दवाखान्यात पोचतं, तो एखादा ससा पचवतो. आपण टोस्टवर लावून खातो त्या ॲव्होकाडोनं कॉकाटीलचं हृदय बंद पडू शकतं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर आपल्याला डॉक्टर लागतो, आणि त्याच रुईच्या पानांवर प्लेन टायगर फुलपाखराचे सुरवंट वाढतात, ते विष अंगात साठवतात आणि पक्षी त्यांना टाळतात. आरेमध्ये किंवा पार्कात रुईचं झाड दिसलं तर पानं उलटून पाहा. सोनाराच्या तराजूतली लाल-काळी गुंज अख्खी गिळली गेली तर तिचं कठीण साल बहुतेक वेळा विष आतच ठेवतं. पण पोपटाच्या जातीचा पक्षी बी फोडूनच खातो, त्याच्यासाठी हा बचाव शून्य.

आणि आपण माणसं यात आणखी एक गोष्ट मध्ये घालतो, चूल. पावसाच्या सुरुवातीला बोरिवली स्टेशनबाहेर शेवळं येतात. ती तशीच खाल्ली तर घसा खाजून जीव जातो, म्हणून त्यांच्याबरोबर काकडाची आंबट फळं घालतात. अळूत चिंच याच कारणानं. शेवळं, अळू आणि लिफ्टबाहेरची डंब केन, तिघांतही तेच टोचणारे स्फटिक. आपल्या आज्यांचं विषाचं ज्ञान मोठ्ठं होतं, पण ते बरंचसं शिजवण्याचं ज्ञान होतं. गिनीपिगला कोण चिंच घालून देणार? तो कच्चंच खातो. त्यामुळे ‘आम्हीपण खातो की’ हे वाक्य माझ्या दारात चालत नाही. तसंच परदेशी वेबसाइटवरची ‘टॉक्सिक प्लांट्स’ची यादीही एका मर्यादेपर्यंतच चालते. तिच्यात ट्यूलिप आणि डॅफोडिल असतात. घाणेरी सापडते, पण डोरली नसते, कुर्डू नसते.

झाडं निदान जागेवर उभी असतात. पावसाळ्यातली खरी डोकेदुखी म्हणजे छत्र्या. रात्री नऊला हिरवळ मोकळी असते आणि सकाळी सहाला तिथे पंधरा पांढऱ्या टोप्या उगवलेल्या असतात. उपटल्या तरी दोन दिवसांत परत येतात, कारण खरं शरीर मातीखालचं जाळं असतं, वर दिसतं ते फक्त फळ. उष्ण प्रदेशात पावसात हिरवळींवर येणारी एक मोठी, खवलेदार, पांढरी जात आहे, क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. तरुणपणी ती अगदी खाण्याच्या अळंबीसारखी दिसते, वय झालं की खालच्या पडद्यांवर हिरवट झाक येते. जगभर माणसं तिला फसतात आणि उलट्या-जुलाबांनी आडवी होतात. याहून वाईट जाती अशा की खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही, नंतर पोट बिघडतं, मग बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याच्या काळात यकृत जात असतं.

‘किड्यानं खाल्लेली आहे म्हणजे चालते’ ही परीक्षा खोटी. गोगलगाय जे पचवते ते आपण पचवू असं नाही. अमेरिकेतली बॉक्स टर्टल नावाची कासवं माणसाला विषारी असलेल्या अळंब्या आरामात खातात, इतकी की अशी कासवं खाऊन माणसं आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. पण यावरून ‘कासवाला अळंबी चालते’ असं म्हणून सुल्काटाला हिरवळीवर सोडायचं का? सुल्काटा कोरड्या गवताळ प्रदेशातला प्राणी. शिवाय कासवाचं पचन इतकं सावकाश असतं की आज खाल्लेल्याचा त्रास काही दिवसांनी दिसतो. तोपर्यंत सोमवारी त्यानं काय खाल्लं ते कुणाच्या लक्षात असतं?

म्हणून माझ्याकडे आता एक रजिस्टर आहे. सोसायटीच्या कंपाउंडमधलं प्रत्येक झाड त्यात आहे, फोटो आणि नावासकट. प्रत्येकापुढे रकाने: ससा, गिनीपिग, कासव, इग्वाना, पक्षी. ‘विषारी’ असा एकच रकाना मी ठेवलेला नाही. जून ते सप्टेंबर कुणीही हिरवळीवर जात नाही. बाकीच्या दिवसांत जाळीचं हलतं कुंपण लावून, मी शेजारी बसून, पंधरा मिनिटं. आधी माळीकाकांना विचारते की फवारणी किंवा उंदरांचं औषध टाकलंय का, कारण विष पानातच असतं असंही नाही. ‘नैसर्गिक’ची हौस गॅलरीत भागते: कुंड्यांत दूर्वा, जास्वंद आणि तुती लावलीय. इग्वाना जास्वंदीच्या फुलासाठी मान वर करून वाट बघतो, ते दृश्य मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवलं की त्यांचं समाधान होतं.

आणि तरीही कुणी काही खाल्लंच तर? दूध, तूप, मीठ-पाणी, हळद यातलं काहीही घालू नका. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. तोंडात उरलेलं पान हळूच बाहेर काढा. झाडाची डहाळी, पान-फूल-फळासकट, बरोबर घ्या. अळंबी असेल तर मुळापासून उकरून कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये ती कुजते आणि ओळखू येत नाही. वेळ लिहा. लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, आणि तुमचा डॉक्टर एक्झॉटिक बघतो का, हे त्या दिवशी नाही, आजच विचारून ठेवा. फोटोवरून झाड ओळखणारी ॲप्स मी वापरते, पण ती अंदाज सांगतात. प्राण्याचा जीव अंदाजावर ठेवायचा नसतो.

रजिस्टरमध्ये सध्या एकसष्ट झाडं आहेत. नऊ जणांच्या नावाची जागा रिकामी आहे. रविवारी सकाळी त्यातलं एखादं पान घेऊन मी स्टेशनबाहेर रानभाज्या विकणाऱ्या मावशींकडे जाते. त्या डहाणू बाजूनं पहाटेच्या गाडीनं येतात. पान हातात घेतात, चुरगळतात, वास घेतात. नाव त्यांना बहुतेक वेळा माहीत असतं. पण ते सांगायच्या आधी दर वेळी त्या एकच प्रश्न विचारतात.

“खानार कोन हाय?”